१५० तासांचे बिल : हेलिकॉप्टर पायलट व्हायला नेमका किती खर्च येतो?

भिंगारच्या पोरांना हेलिकॉप्टरचं फार अप्रूप नसतं. एका बाजूला नगरचा भुईकोट किल्ला, दुसऱ्या बाजूला लष्कराची छावणी, रणगाडा दलाचं केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र. खारे कर्जुने परिसरातल्या के. के. रेंजवर मोठा युद्धसराव असला की आकाशात लष्करी हेलिकॉप्टर दिसतात. घरोघरी कुणीतरी फौजेत असतं किंवा फौजेतून निवृत्त झालेलं असतं. त्यामुळे बारावीनंतर 'मला हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय' असं एखाद्या मुलानं किंवा मुलीनं म्हटलं, तर घरात त्यावर हसत नाहीत. पुढचा प्रश्न मात्र लगेच येतो. पैसे किती लागतील?

इंटरनेटवर या प्रश्नाला दहा उत्तरं मिळतात. कुणी ३० लाख म्हणतं, कुणी ८० लाख, कुणी एक कोटी. आकडे इतके वेगळे असण्याचं कारण साधं आहे. बहुतेक ठिकाणी फक्त लायसन्सचा खर्च सांगितला जातो. लायसन्स हातात आल्यापासून नोकरी लागेपर्यंतचा खर्च कुणी सांगत नाही. घर अडचणीत येतं ते या दुसऱ्या खर्चात.

लायसन्ससाठी काय लागतं?

भारतात पैसे घेऊन हेलिकॉप्टर उडवायचं असेल, म्हणजे पायलट म्हणून नोकरी करायची असेल, तर कमर्शियल पायलट लायसन्स लागतं. हेलिकॉप्टरच्या या लायसन्सला थोडक्यात सीपीएल (एच) म्हणतात. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं.

मुख्य अटी अशा :

• वय किमान १८ वर्षे.
• बारावी, भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन. हे विषय नसतील तर ते मुक्त विद्यालयातून वेगळे देता येतात.
• डीजीसीएची क्लास वन वैद्यकीय तपासणी. चष्मा असला म्हणून लगेच बाद होत नाही, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर अडचण येते.
• हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा. पास व्हायला ७० टक्के गुण लागतात.
• रेडिओवर बोलण्याचा परवाना. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार विभागाकडे होती. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमामुळे ती डीजीसीएकडे आली.
• हेलिकॉप्टरवर किमान १५० तासांचं उड्डाण.

शेवटची अट सोडली तर बाकी सगळ्याचा खर्च एखाद्या चांगल्या क्लासच्या फीइतका असतो. खरं बिल १५० तासांचं आहे.

तुलनेसाठी, विमानाच्या कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. म्हणजे हेलिकॉप्टरला तास कमी. तरीही खर्च कमी होत नाही, कारण हेलिकॉप्टरचा प्रत्येक तास महाग असतो.

हेलिकॉप्टरचा तास इतका महाग का?

जगभर शिकाऊ पायलटांसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं हेलिकॉप्टर म्हणजे रॉबिन्सन आर-२२. दोन माणसांचं, पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनचं, आकारानं एखाद्या छोट्या मोटारीएवढं. या हेलिकॉप्टरला कंपनीनं मुदत घालून दिली आहे. २,२०० तासांचं उड्डाण किंवा १२ वर्षं, जे आधी येईल तेव्हा ते संपूर्ण खोलून पुन्हा बांधावं लागतं. पाती, गिअरबॉक्स, शाफ्ट अशा फिरणाऱ्या भागांवर सतत ताण येत असतो. डोळ्यांना ते धडधाकट दिसले तरी मुदत संपली की बदलावेच लागतात.

समजा या फेरबांधणीला दोन लाख डॉलर लागले. ते २,२०० तासांवर वाटले तर तासाला साधारण ९१ डॉलर होतात. म्हणजे इंधन, विमा, शिक्षकाचा पगार आणि हँगरचं भाडं यांचा हिशेब सुरू होण्याआधीच प्रत्येक तासावर एवढा बोजा पडलेला असतो. शिकाऊ विमानांत वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ च्या इंजिनाला तासांची मुदत असते, पण अख्ख्या विमानाला अशी मुदत नसते. म्हणून विमानाचा तास स्वस्त पडतो.

दुसरं कारण विम्याचं. हेलिकॉप्टर शिकताना जमिनीलगतचा सराव जास्त असतो. एका जागी हवेत स्थिर राहणं, म्हणजे हॉव्हरिंग, हाच पहिला मोठा अडथळा. दोन हात आणि दोन पाय एकाच वेळी वेगवेगळं काम करत असतात आणि एक हललं की बाकी तिन्ही हलवावे लागतात. नंतर येतं ऑटोरोटेशन. इंजिन बंद पडलं असं समजून, खालून येणाऱ्या हवेवर फिरणाऱ्या पात्यांच्या जोरावर हेलिकॉप्टर सुखरूप उतरवायचं. हा सराव टाळता येत नाही आणि त्यात यंत्राचं नुकसान होण्याची शक्यता असते. विमा कंपन्या ते धरूनच हप्ता लावतात.

भारतात शिकायचं तर कुठे?

महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर इथे पायलट प्रशिक्षण मिळतं, हे अनेकांना माहीत असतं. पण ते विमानांचं. इतर मागासवर्गीय आणि भटक्या विमुक्त विद्यार्थ्यांसाठी 'महाज्योती'नं नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत राबवलेली योजनाही विमानाच्या लायसन्सची होती. विमानाचं लायसन्स असलेल्याला हेलिकॉप्टर उडवता येत नाही. दोन्ही लायसन्स वेगळी आहेत. फॉर्म भरताना अनेकांचा इथेच गोंधळ होतो.

नागरी हेलिकॉप्टर प्रशिक्षण देणाऱ्या संस्था देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यातली सगळ्यात परिचित म्हणजे बंगळुरूची हिंदुस्थान एरोनॉटिक्सची रोटरी विंग अकादमी. संस्था कमी, हेलिकॉप्टर कमी आणि जागाही कमी. त्यामुळे फीमध्ये घासाघीस करायला फारसा वाव राहत नाही.

फीचा अंदाज घ्यायचा असेल तर एक सोपं गणित आहे. तासाचा दर गुणिले १५०. दर ३५,००० रुपये असेल तर नुसत्या उड्डाणाचे साडेबावन्न लाख. दर ५०,००० असेल तर ७५ लाख. जाहिरातीत एकूण फी यापेक्षा बरीच कमी दिसली, तर त्यात १५० पैकी किती तास धरले आहेत, हे आधी विचारायला हवं.

एक दिलासा करात मिळाला आहे. डीजीसीएनं मान्यता दिलेल्या संस्थेच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमांवर जीएसटी लागत नाही, हे सप्टेंबर २०२४ मधल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर स्पष्ट झालं. ५० लाखांवर १८ टक्के म्हणजे ९ लाख होतात. त्यामुळे संस्थेनं बिलात जीएसटी लावला असेल तर कोणत्या आधारावर, हे विचारलंच पाहिजे.

परदेशात शिकलं तर?

अनेक जण अमेरिकेचा विचार करतात. तिथे शाळा भरपूर आहेत आणि आर-२२ सहज मिळतं. उदाहरणासाठी शिक्षकासह तासाचा दर ४०० डॉलर आणि डॉलरचा भाव ९० रुपये धरू.

• १५० तास : ६०,००० डॉलर, म्हणजे ५४ लाख रुपये.
• वर्षभराचं राहणं-खाणं, महिन्याला १,२०० डॉलर धरून : १४,४०० डॉलर, म्हणजे सुमारे १३ लाख रुपये.

झाले ६७ लाख. यात व्हिसा, विमानाचं तिकीट, परीक्षांची आणि परीक्षकाची फी, विमा आलेला नाही. डॉलर एका रुपयानं महागला की या हिशेबात ७४,४०० रुपयांची भर पडते. प्रशिक्षण वर्ष-दीड वर्ष चालतं, आणि तेवढ्या काळात रुपया चार-पाचनं घसरणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

परत आल्यावर परदेशी लायसन्स थेट चालत नाही. डीजीसीएच्या परीक्षा देऊन ते भारतीय लायसन्समध्ये बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी वैद्यकीय तपासणी, उड्डाणाची चाचणी आणि काही महिन्यांचा वेळ लागतो. या महिन्यांत कमाई शून्य असते.

लायसन्स मिळालं, मग नोकरी?

या प्रश्नाचं उत्तर फीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

भारतात नागरी हेलिकॉप्टरांची संख्या अडीचशे ते तीनशेच्या घरात आहे. प्रवासी विमान कंपन्यांकडे आठशेच्या आसपास विमानं आहेत आणि एकेका विमानामागे अनेक पायलट लागतात. त्यामुळे हेलिकॉप्टरच्या दुनियेत मुळात खुर्च्याच कमी.

त्या खुर्च्यांसाठी स्पर्धा असते ती निवृत्त लष्करी पायलटांशी. हवाई दल, नौदल आणि लष्कराच्या एव्हिएशन कोअरमधून बाहेर पडणाऱ्या पायलटाकडे हजारो तासांचा अनुभव असतो. सियाचीन, ईशान्येचे डोंगर, समुद्रावरची उड्डाणं सगळं करून तो आलेला असतो. डीजीसीएच्या परीक्षा देऊन तो नागरी लायसन्स घेतो. देशातल्या नागरी हेलिकॉप्टर पायलटांत अशा माजी लष्करी पायलटांचाच भरणा जास्त आहे.

मुंबईचंच उदाहरण बघू. जुहू विमानतळावरून हेलिकॉप्टर बॉम्बे हायच्या तेल फलाटांवर कर्मचारी ने-आण करतात. १९८५ साली स्थापन झालेल्या पवनहंसचा जन्मच मुख्यतः या कामासाठी झाला. ही हेलिकॉप्टर दोन इंजिनांची असतात, त्यांत दोन पायलट असतात आणि खाली अथांग समुद्र असतो. तेल कंपन्या पायलटाच्या अनुभवाबाबत काटेकोर असतात. नेत्यांना घेऊन जाणाऱ्या किंवा केदारनाथसारख्या ठिकाणी यात्रेकरू नेणाऱ्या हेलिकॉप्टरांतही अनुभवाचे तास पाहिले जातात. १५० तासांच्या नवख्या पायलटाला बहुतेक वेळा सहवैमानिक म्हणून संधी मिळण्याची वाट पाहावी लागते.

अमेरिकेत या अडचणीवर एक रूढ मार्ग आहे. लायसन्सनंतर शिक्षकाचा परवाना घ्यायचा आणि दुसऱ्यांना शिकवत हजारेक तास जमवायचे. शाळा भरपूर असल्यानं ते जमतं. पण भारतीय विद्यार्थी सहसा ज्या एम-१ व्हिसावर तिथे जातात, त्यावर अशी पूर्ण वेळ नोकरी करता येत नाही. शिक्षणानंतरचं प्रात्यक्षिक कामही जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. भारतात तर हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या संस्थाच मूठभर, त्यामुळे शिक्षक म्हणून जागाही मूठभर.

मग तास विकत घेता येतील का? १५० चे ५०० तास करायला आणखी ३५० तास लागतात. ४०० डॉलर दरानं ते १,४०,००० डॉलर होतात, म्हणजे १ कोटी २६ लाख रुपये. लायसन्सच्या दुपटीहून जास्त. सामान्य घराला हे शक्य नाही, आणि शक्य असलं तरी शहाणपणाचं नाही. छोट्या हेलिकॉप्टरवर जमवलेल्या तासांना मोठ्या, टर्बाइन इंजिनच्या हेलिकॉप्टरवरच्या तासांची किंमत येत नाही.

कर्जाचं गणित

मान्यताप्राप्त पायलट प्रशिक्षणाला शैक्षणिक कर्ज मिळू शकतं. पण साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात.

भिंगारसारख्या ठिकाणी तारणाचा प्रश्न आणखी वेगळा होतो. छावणीच्या हद्दीतली बरीच घरं लीजच्या किंवा जुन्या ग्रँटच्या जमिनीवर आहेत. जमिनीची मालकी संरक्षण खात्याची आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे दुसरेच. असं घर गहाण ठेवायचं तर परवानगीचा प्रश्न उभा राहतो. मग नजर गावाकडच्या शेतीकडे जाते, किंवा वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांकडे.

आता हप्ता पाहू. ५० लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षे. महिन्याचा हप्ता साधारण ६६,००० रुपये. प्रशिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष अशी अडीच वर्षं सवलत मिळाली, तरी त्या काळात व्याज चढतच असतं. ते भरलं नाही तर साध्या व्याजानंही १२.५ लाख वाढतात आणि हप्ता ८२,६०० च्या आसपास जातो. सवलत संपते त्या दिवशी नोकरी लागलेली असेलच असं नाही. हप्ता मात्र त्या दिवशी सुरू होतो.

वर्दीचा रस्ता

हेलिकॉप्टर उडवायला शिकण्याचा दुसरा रस्ता भिंगारला जास्त ओळखीचा आहे. त्यात फी शून्य आहे, आणि अधिकारी प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतनही मिळतं.

बारावीनंतर एनडीए. खडकवासल्याची प्रबोधिनी इथून फार लांब नाही, आणि आता मुलींनाही ती खुली आहे. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट परीक्षा आहे. तिची वयोमर्यादा २० ते २४, पण ज्यांच्याकडे डीजीसीएचं कमर्शियल लायसन्स आहे त्यांना २६ पर्यंत सवलत मिळते. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये तशीच संस्था सुरू झाली.

निवड झाल्यावर हेलिकॉप्टरचं शिक्षण कुठे, तर हवाई दलाचं तेलंगणातल्या हकिमपेटला, नौदलाचं तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजाली तळावर आणि लष्कराचं नाशिकला. नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमधूनच मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या.

या रस्त्यावरची किंमत पैशांत नसते. हवाई दलाच्या शॉर्ट सर्व्हिस पायलटाला १४ वर्षं सेवा द्यावी लागते. हेलिकॉप्टरच मिळेल याची खात्री नसते. कोण लढाऊ विमानांवर, कोण मालवाहू विमानांवर आणि कोण हेलिकॉप्टरवर जाईल, हे कामगिरी आणि दलाची गरज पाहून ठरतं. लष्करात तर आधी अधिकारी व्हावं लागतं, मग एव्हिएशनसाठी निवड होते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेची पायलट क्षमता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत नापास झालं की ते दार बंद.

पण जो टिकतो, तो बाहेर पडताना हजारो तास घेऊन निघतो. नागरी बाजारात जे तास कोटभर रुपये देऊनही धड मिळत नाहीत, ते त्याच्या लॉगबुकात असतात.

तरीही नागरी मार्गच घ्यायचा असेल तर

वयोमर्यादा ओलांडली असेल, एसएसबीत यश आलं नसेल, किंवा फौजेत जायचंच नसेल, तर नागरी मार्ग उरतो. तो चुकीचा नाही. फक्त पावलांचा क्रम सांभाळला तर नुकसान कमी होतं.

१. आधी वैद्यकीय तपासणी. क्लास टू आणि मग क्लास वन. यात अडकलं तर काही हजारांत कळतं. फी भरल्यावर कळलं तर लाखांत.

२. मग लेखी परीक्षा. डीजीसीएचा संगणक क्रमांक घेऊन घरून अभ्यास करता येतो. निदान हवाई नियम, दिशादर्शन आणि हवामान हे पेपर उड्डाणाआधी सुटलेले बरे. नाहीतर महागडं प्रशिक्षण पूर्ण होतं आणि लायसन्स एका पेपरसाठी अडकून राहतं.

३. एकदा परिचय उड्डाण. फी भरण्याआधी एखादा तास हेलिकॉप्टरमध्ये शिक्षकाशेजारी बसून पाहावं. काहींना हे काम आवडत नाही, काहींना मळमळतं. ते एका तासात कळतं.

४. संस्थेची चौकशी. मान्यता डीजीसीएच्या संकेतस्थळावर तपासता येते. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए उड्डाण प्रशिक्षण संस्थांची क्रमवारीही लावू लागलं आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहायचं ते हे : उडण्याच्या स्थितीत किती हेलिकॉप्टर आहेत, किती विद्यार्थी आहेत, शिक्षक किती, आणि मागच्या तुकडीला १५० तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले.

५. फी हप्त्यांत, तासांच्या प्रमाणात. सगळी रक्कम आधी मागणाऱ्या संस्थेकडून परताव्याचे नियम लेखी घ्यावेत. हेलिकॉप्टर दुरुस्तीला गेलं किंवा पावसाळ्यात उड्डाण थांबलं तर राहण्याचा खर्च विद्यार्थ्यावरच पडतो.

६. नोकरीची चौकशी फी भरण्याआधी. 'शंभर टक्के प्लेसमेंट' या शब्दांवर विसंबण्यापेक्षा मागच्या तीन तुकड्यांतले किती जण आज हेलिकॉप्टर उडवत आहेत, हे विचारावं. त्यातल्या दोघा-तिघांशी स्वतः बोलावं.

एकूण आकडा किती धरावा?

वरचे दर धरले तर नागरी मार्गानं नुसत्या लायसन्सला ५० ते ७५ लाख रुपये लागतात. त्यावर लायसन्स बदलणं, एखाद्या विशिष्ट हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण आणि नोकरी लागेपर्यंतचं एक ते दोन वर्षांचं राहणं-खाणं आणि व्याज. घरानं हिशेब करायचा तो या पूर्ण रकमेचा. नोकरीशिवाय दोन वर्षं हप्ते भरायची तयारी असेल तरच शेत किंवा घर तारण ठेवण्याचा विचार करावा.

आणि घरातलं मूल अजून सतरा वर्षांचं असेल, तर कुठलीही फी भरण्याआधी एनडीएचा फॉर्म भरायला हवा. त्यासाठीचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस असतं. नागरी लायसन्ससाठी १८ नंतर अख्खं आयुष्य पडलेलं आहे, एनडीएसाठी मात्र जेमतेम तीन वर्षं मिळतात.